मत देण्याची सक्ती असावी काय?

गेल्या वर्षीं नागरिकशास्त्राच्या तासास इयत्ता दहावीच्या वर्गांत एक वादविवाद ठेविला होता. विषय असा कीं, "जो मत देणार नाहीं, त्यास सरकारनें दंड करावा." अनुकूल पक्षाच्या एका विद्यार्थ्यानें मोठ्या आवेशानें सांगितलें कीं, ग्रंथालयाचें पुस्तक एक दिवस उशिरा परत केलें तर आम्हांस दंड भरावा लागतो; मग पांच वर्षांतून एकदां येणारें कर्तव्य चुकविणाऱ्या मोठ्या माणसांस तो कां नसावा? वर्गानें टाळ्या वाजविल्या. तेव्हां प्रतिकूल पक्षाची एक विद्यार्थिनी उठली आणि एवढेंच म्हणाली, "पुस्तक मीं आपण होऊन मागून नेलेलें असतें. उमेदवार मीं मागितलेले नसतात." टाळ्या पहिल्याहून अधिक वाजल्या. तितक्यांत घंटा झाली आणि निर्णय राहून गेला. त्या राहिलेल्या निर्णयाकडे आज या पानांतून पुन्हां वळावें असें मनांत आहे. पालकांनींही हा लेख वाचावा, अशी विनंति आहे; कारण मत त्यांच्या हातीं आहे, विद्यार्थ्यांच्या हातीं तें अद्याप यावयाचें आहे.

प्रश्न कांहीं नवा नव्हे. ग्रीस देशांतील अथेन्स नगरांत ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत नागरिकांची सभा भरत असे. बाजारांत गप्पा मारीत रेंगाळणाऱ्या लोकांस सभेकडे हांकण्यासाठीं तांबड्या रंगांत भिजविलेला दोर ताणून तो बाजारांतून नेत, आणि ज्याच्या वस्त्रास रंग लागे त्याची फजिती होई. ही हकीकत ॲरिस्टोफेनीस या विनोदी नाटककाराच्या लेखणीमुळें आपणांस ठाऊक आहे. गंमत अशी कीं, अथेन्समध्यें रंग लागे तो कर्तव्य चुकविणाऱ्यास, आणि आपल्याकडे बोटास शाई लागते ती तें बजावणाऱ्यास.

अर्वाचीन काळांत बेल्जम देशानें १८९३ सालीं मतदान सक्तीचें केलें. परंतु अभ्यासास सर्वांत सोयीचें उदाहरण ऑस्ट्रेलियाचें आहे, म्हणून तेथें थोडें थांबूं. त्या देशांतील क्वीन्सलंड प्रांतानें १९१५ सालीं हा कायदा प्रथम केला. संबंध देशाच्या १९२२ च्या निवडणुकींत शेंकडा साठांहूनही कमी मतदार आले, हें पाहून टास्मानियाचे सिनेटर हर्बर्ट पेन यांनीं १९२४ सालीं सक्तीचें विधेयक खासगी रीतीनें मांडलें. दोन्ही सभागृहांत तें फारच थोड्या चर्चेनें संमत झालें. पुढच्याच वर्षीं, १९२५ सालीं, मतदानाचें प्रमाण शेंकडा एक्याण्णवांच्या वर गेलें. तेव्हांपासून तें नव्वदांच्या खालीं म्हणून येईना. २०२२ सालीं प्रथमच किंचित् घसरलें.

आतां ही सक्ती नेमकी कशाची, हें नीट समजून घेतलें पाहिजे. मतपत्रिका तेथें गुप्तच असते. किंबहुना सरकारनें छापलेली गुप्त मतपत्रिका ही १८५६ सालीं ऑस्ट्रेलियांतील वसाहतींनींच जगास दिलेली देणगी होय. तेव्हां मतदारानें पडद्याआड जाऊन काय केलें, हें कोणी पाहूं शकत नाहीं. कोरी पत्रिका पेटींत टाकणारे, तिजवर वेडींवांकडीं चित्रें काढणारे लोकही असतात. जो मुळींच येत नाहीं, त्यास प्रथम पत्र येतें आणि कारण विचारलें जातें. कारण समाधानकारक नसेल तर देशाच्या निवडणुकीसाठीं वीस डॉलर दंड.

"समाधानकारक कारण" म्हणजे काय, यावर एक खटला झाला तो आपल्या विषयास फार जवळचा आहे. अर्नेस्ट जड नांवाच्या समाजवादी गृहस्थानें १९२५ सालीं मत दिलें नाहीं. सरकारनें कारण विचारतां त्यानें कळविलें कीं, उभे असलेले सर्व उमेदवार भांडवलशाहीचेच पाठीराखे आहेत. त्यांतील कोणासही मत देणें माझ्या पक्षाच्या तत्त्वांस सोडून होईल. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १९२६ सालीं न्यायाधीशांनीं बहुमतानें निर्णय दिला कीं, सर्व उमेदवार नापसंत असणें हें न येण्याचें पुरेसें कारण नव्हे. हिगिन्स या एकाच न्यायमूर्तींनीं भिन्न मत दिलें. आमच्या वर्गांतील त्या विद्यार्थिनीचा आक्षेप, पाहा, शंभर वर्षांपूर्वींच एका न्यायालयानें ऐकून फेटाळिला होता! माझें मन मात्र हिगिन्ससाहेबांच्या बाजूस झुकतें, हें कबूल केलेलें बरें.

तथापि ऑस्ट्रेलियाच्या कायद्याची दुसरी बाजू आपल्याकडील सक्तीचे पुरस्कर्ते क्वचितच सांगतात. तेथें सक्ती मतदारावर आहे तशीच ती सरकारी खात्यावरही येऊन पडते. ज्यास न आल्याबद्दल दंड करावयाचा, त्यास येणें शक्य करून दिलें पाहिजे, हें ओघानेंच आलें. म्हणून मतदान शनिवारीं असतें. त्याआधीं कित्येक दिवस केंद्रें उघडीं असतात. टपालानें मत देतां येतें. इस्पितळांत व दूरच्या वस्त्यांवर मतपेटी घेऊन फिरतीं पथकें जातात. बहुतेक केंद्रें शाळांतून असतात आणि त्या दिवशीं पालकमंडळी अंगणांत चूल मांडून पावांत घातलेलें सॉसेज विकतात व शाळेच्या निधीस हातभार लावतात. आपल्या शाळेंतही मतदानकेंद्र असतें. स्नेहसंमेलनाच्या वर्गणीची चिंता वाहणाऱ्या आमच्या चिटणिसांनीं ही कल्पना मनावर घेऊं नये म्हणजे झालें. आपला निवडणूक कायदा तेथें वडे तळूं देणार नाहीं.

एक काळा डागही सांगितला पाहिजे. देशांतील मूळच्या रहिवाशांना, सर्वांना सरसकट, देशाच्या निवडणुकींत मताचा हक्क १९६२ सालीं मिळाला, आणि सक्ती तर त्यांस १९८४ सालीं लागू झाली. म्हणजे "सर्वांनीं मत दिलेंच पाहिजे" असें म्हणणाऱ्या कायद्यानें अनेक वर्षें "सर्व" या शब्दांतून त्या भूमीचे मूळ धनीच वगळले होते.

सक्तीमुळें माणसें केंद्रापर्यंत येतात, हें तर सिद्ध झालें. त्यांचा विश्वासही येतो काय? ब्राझील देशांत मतदान १९३२ पासून सक्तीचें आहे. १९५९ सालीं साव पावलो शहराच्या नगरसभेची निवडणूक होती. नगरसेवकांच्या कारभारास लोक विटले होते. न येण्याची सोय नाहीं; मग त्यांनीं काय करावें? प्राणिसंग्रहालयांत काकारेको नांवाची एक गेंड्याची मादी होती, तिचें नांव मतपत्रिकेवर घातलें. एक लाखाच्या आसपास मतें त्या गेंड्यास मिळालीं! इतकीं मतें त्या निवडणुकींत कोणा मनुष्यासही मिळालीं नाहींत. अर्थात् तीं बाद ठरलीं. वर्गांत ही गोष्ट सांगितली म्हणजे मुलें पोट धरून हंसतात. हंसून झाल्यावर मी त्यांस विचारतों, ते एक लाख लोक उन्हांत रांगेंत उभे राहून, हंसत घरीं गेले असतील कीं चडफडत?

उलट बाजूनें हॉलंड पाहा. तेथें १९१७ सालीं आलेली सक्ती १९७० सालीं काढून टाकिली. सक्तीच्या शेवटच्या लोकसभेस, १९६७ सालीं, शेंकडा पंचाण्णव मतदार आले होते; १९७१ सालीं ते एकोणऐशींवर आले. बेल्जमच्या फ्लेमिश भागांत २०२४ सालीं स्थानिक निवडणुकींपुरती सक्ती उठविली, तों नव्वदांच्या वरून प्रमाण साठांच्या घरांत उतरलें. दोन पिढ्या सक्तीनें आलेले लोक संवयीनें येऊं लागतील, ही आशा तेथें पुरी झाली नाहीं, असेंच म्हणावें लागतें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. स्वातंत्र्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१ च्या ऑक्टोबरापासून १९५२ च्या फेब्रुवारीपर्यंत चालली. सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी करावयाची होती आणि त्यांतील बहुतेक निरक्षर. कित्येक स्त्रियांनीं यादी करणारास आपलें नांवच सांगितलें नाहीं. "अमक्याची बायको," "तमक्याची आई" एवढेंच सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी स्वीकारण्याचें नाकारलें, आणि सुमारे अठ्ठावीस लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गळालीं. त्या वेळीं हा निर्णय कठोर वाटला असेल. परंतु पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतील पुष्कळ बायांनीं स्वतःचें नांव सरकारदरबारीं लावून घेतलें. त्या पहिल्या निवडणुकींत निम्म्याहून कमी लोकांनीं मत दिलें; २०२४ च्या लोकसभेस शेंकडा सुमारे सहासष्टांनीं दिलें. दंडाच्या भयाशिवाय, एवढ्या मोठ्या देशांत, हें थोडें नव्हे.

मात्र हे आंकडे सर्वत्र सारखे नाहींत, आणि त्यांतच एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. २०२४ च्या त्याच निवडणुकींत गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत शेंकडा सत्तरांहून अधिक मतदान झालें. तेथें कांहीं भागांत नक्षलवाद्यांच्या भयास्तव दुपारीं तीन वाजतांच मतदान थांबवितात. लोक रानवाटा तुडवीत पायीं येतात. विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या पुण्यांत तें चोपन्नांच्या आसपास राहिलें. कायद्यानें त्या दिवशीं भरपगारी सुटी मिळते. ती कोठें खर्च झाली हें महाबळेश्वरच्या वाटेवरील गाड्यांस विचारावें.

पण जे येत नाहींत ते सर्व आळशी, असें समजणें अन्यायाचें होईल. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील दोन वर्षांपूर्वीं पालकसभेनंतर थांबले होते. मीं सहज मतदानाचा विषय काढला. ते म्हणाले, "गुरुजी, मत देतों तों माणूस एका चिन्हावर असतो, सकाळीं उठून बघतों तों दुसऱ्याच मांडीला मांडी लावून बसलेला. मग माझं मत गेलं कुठं?" मीं त्यांस १९८५ चा पक्षांतरबंदीचा कायदा सांगूं लागलों. त्यांनीं ऐकून घेतलें आणि म्हणाले, "कायदा आहे म्हणतां, मग हें होतं कसं?" महाराष्ट्रांत २०२२ व २०२३ या लागोपाठच्या सालीं दोन मोठे पक्ष फुटले आणि पक्षाचें नांव व चिन्ह कोणाचें हें निवडणूक आयोगास ठरवावें लागलें. त्यांत कोण योग्य आणि कोण अयोग्य हें सांगणें शिक्षकाचें काम नव्हे. परंतु त्या गृहस्थांच्या प्रश्नास मजजवळ पुरतें उत्तर नव्हतें, आणि दंडाची पावती हें तर त्याचें उत्तर खासच नव्हे.

त्यांचें शेवटचें वाक्य मात्र मला पटलें नाहीं. "चांगल्या माणसानं त्यांत पडूंच नये," असें ते म्हणाले. पवित्र शास्त्रांतील शास्ते या पुस्तकांत योथामानें सांगितलेली झाडांची कथा आहे. झाडें राजा निवडावयास निघालीं. जैतुनास विचारलें; तें म्हणालें, माझें तेल सोडून मी कशास येऊं? अंजिरास आपला गोडवा सोडवेना, द्राक्षवेलीस आपला रस. शेवटीं काटेझुडुपास विचारलें, आणि तें तत्काळ तयार झालें! कथेंतील काटेझुडुपास सर्वच नांवें ठेवितात. मला राग येतो तो त्या जैतुनाचा.

नापसंती कळविण्याची सोय आपल्या कायद्यानें करून ठेविली आहे. पूर्वीं ज्यास कोणीच नको असे, त्यास केंद्रावर तसें उघड लिहून द्यावें लागे. त्यांत गुप्तता राहत नसे. सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं आज्ञा केली आणि यंत्रावर सर्वांच्या शेवटीं "वरीलपैकीं कोणीही नाहीं" हें बटण आलें. लोक त्यास 'नोटा' म्हणतात. २०१९ च्या आपल्या विधानसभा निवडणुकींत लातूर ग्रामीण व पलूस-कडेगाव या दोन मतदारसंघांत हें बटण दुसऱ्या क्रमांकावर आलें. २०२४ सालीं इंदूर येथें प्रमुख विरोधी पक्षाच्या उमेदवारानें ऐन वेळीं अर्ज मागें घेतला, तेव्हां दोन लाखांहून अधिक लोकांनीं हेंच बटण दाबलें. परंतु लोकसभा-विधानसभेस त्याचा परिणाम शून्य. नोटास सर्वांहून अधिक मतें पडलीं तरी पुढचा उमेदवार निवडून येतोच. आपल्या राज्य निवडणूक आयोगानें २०१८ सालीं स्थानिक संस्थांपुरता नियम केला कीं, नोटास सर्वाधिक मतें पडल्यास फेरनिवडणूक व्हावी. माझ्या मतें या लहानशा नियमांत दंडाच्या कायद्याहून अधिक शहाणपण आहे; कारण त्यांत भार रुसलेल्या मतदारावर न पडतां त्यास रुसविणाऱ्या पक्षांवर पडतो.

दंडाचा प्रयोग आपल्या देशांत झालाच नाहीं असें नाहीं. शेजारच्या गुजरात राज्यानें स्थानिक निवडणुकींसाठीं २००९ सालीं सक्तीचें विधेयक केलें. राज्यपालांची संमति मिळावयास २०१४ साल उजाडलें. २०१५ सालीं शंभर रुपये दंडाचा नियम निघाला आणि त्याच वर्षीं तेथील उच्च न्यायालयानें त्यास स्थगिती दिली. त्याच वर्षीं केंद्रीय विधि आयोगानेंही सक्ती नको, असा अभिप्राय दिला.

तो अभिप्राय मला मान्य आहे, आणि त्याचें कारण माझ्या वर्गांतील कांहीं रिकाम्या बांकांत आहे. दिवाळी झाली कीं मराठवाड्यांतील हजारों कुटुंबें ऊसतोडीस सातारा, सांगली, कोल्हापुराकडे व कर्नाटकांत जातात. कोयता, भांडीं आणि लेंकरें एकाच ट्रॅक्टरांत. २०२४ ची विधानसभेची निवडणूक २० नोव्हेंबरास झाली, म्हणजे नेमकी हंगामाच्या तोंडावर. ज्यांचें नांव गांवच्या यादींत आहे आणि ज्यांची कोपी दोनशे मैलांवर फडांत आहे, त्या नवरा-बायकोंनीं काय करावें? मुकादमाची उचल घेतलेली. एक दिवस खाडा झाला तर तोही अंगावर येतो. त्यांस शंभर रुपये दंड करणें सोपें आहे. त्यांच्या फडावर मतदानाची सोय नेणें अवघड आहे. ऑस्ट्रेलियानें अवघड तें आपल्या अंगावर घेतलें. आपण सोपें तेवढेंच उचलूं अशी मला भीति वाटते.

दुसरेंही एक उदाहरण आहे. मुंबई-पुण्यासह अनेक महानगरपालिकांची मुदत २०२२ सालीं संपली. मुदत संपण्यापूर्वीं निवडणूक व्हावी असें आपली राज्यघटना सांगते. तरीही कित्येक वर्षें ती झाली नाहीं आणि कारभार प्रशासकांनीं पाहिला. नागरिकानें एक दिवस चुकविला तर दंड, आणि निवडणूकच चुकली तर तो कोणास करावा? वादविवादांत हा मुद्दा कोणी काढला असता तर मीं त्यास पैकीच्या पैकी गुण दिले असते.

येथवर मीं न्यायाधीशाच्या आसनावरून लिहिलें. आतां आरोपीच्या पिंजऱ्यांतून चार ओळी लिहितों.

२०१९ च्या विधानसभा निवडणुकीस माझी नेमणूक शेजारच्या मतदारसंघांत मतदान अधिकारी म्हणून झाली होती. आदल्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं यंत्रें, शाई, याद्या ताब्यांत घेतल्या, एस. टी. च्या गाडींतून केंद्रावर गेलों, रात्रीं शाळेच्या बांकांवर पथारी टाकिली. दुसरे दिवशीं सकाळीं सातापासून मीं शेंकडों बोटांस शाई लाविली. एका म्हाताऱ्या आजीबाईंची बोटें कामानें इतकीं वाकडीं झालीं होतीं कीं नखाच्या कडेस कांडी टेकवितां येईना, त्या म्हणाल्या, "लाव रे बाबा, घरीं नातवंडांस दाखवायची आहे." रात्रीं उशिरा सामान परत करून घरीं आलों, तेव्हां कोठें लक्षांत आलें कीं मीं स्वतः मत दिलेलेंच नाहीं. टपाली मतपत्रिकेचा अर्ज प्रशिक्षणाच्या वेळीं हातीं आला होता. "उद्यां भरूं" म्हणून मीं तो एका वहींत ठेविला आणि मुदत निघून गेली. यांत कार्यालयाचा दोष नाहीं, पक्षांचा नाहीं, फुटीर आमदारांचा तर नाहींच नाहीं.

शाळा उघडली. नववीच्या वर्गांतील मुलांनीं आपापल्या घरांतील शाईचीं बोटें मोजून आणावीं, असें मींच त्यांस सांगितलें होतें. आंकडे फळ्यावर लिहून झाले. एका मुलीनें हात वर केला आणि म्हणाली, "सर, तुमचं बोट?" मीं हात पुढें केला. केंद्रावर बाटली कलंडली होती, तिचे डाग तळहातावर होते. तर्जनी स्वच्छ होती. मीं त्यांस खरें तें सांगितलें. कोणी हंसलें नाहीं. ती फळ्याजवळ गेली, यादीच्या शेवटीं "सर" असें लिहून त्यापुढें शून्य घातलें आणि जागेवर जाऊन बसली.

२०२४ च्या नोव्हेंबरांत पुन्हां नेमणूक आली. अर्ज मीं प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशीं, बाहेरच्या पायरीवर बसून, तेथल्या तेथें भरून दिला. त्यास सुमारे दहा मिनिटें लागलीं.